खाली घे

पेण,
२ मार्च १९९८

विठ्ठल भोपी यास,

हे पत्र कामाचे आहे. गेल्या ऑगस्टमधल्या गोष्टीबद्दल यात काही नाही, तेव्हा वाचण्यापूर्वी फाडू नये.

दवाखान्याची जिप्सी दुरुस्त होऊन दारात उभी आहे. मागचा दरवाजा नवा आहे, बाकी गाडी तीच. फिरता दवाखाना पुन्हा सुरू करायचे समितीने ठरवले आहे. बुधवारी डॉक्टरीणबाई येतील. गागोद्यापर्यंत अडचण नाही. अडचण त्याच्या वरच्या भोकरवाडीची, आणि तिथेही फक्त उभ्या धोंडीच्या चढाची. तो चढ तुला मी सांगायला नको.

मालूला पुन्हा दिवस गेले आहेत. जुलैच्या मध्यावर दिवस भरतात. मागच्या वेळी जे झाले त्यानंतर हे बाळंतपण पेणच्या दवाखान्यातच व्हायला हवे, असे डॉक्टरीणबाईंनी तिला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगितले. जनूने मान हलवली. मालूने हलवली नाही. लावणी टाकून मी पेणला पलंगावर बसायची नाय, एवढेच ती म्हणाली. भाताची लावणी जुलैत. म्हणजे गाडी भर पावसात धोंडीवर चढली पाहिजे, आणि तिला घेऊन उतरली पाहिजे. चार माणसांच्या खांद्यावरच्या डोलीत ती एकदा उतरली आहे. दुसऱ्यांदा उतरू नये.

चढावर गाडी आणखी हळू आणि आणखी ताकदीने चालायला हवी. त्यासाठी मला तीन मार्ग दिसतात.

पहिला : सध्याचे मोठे टायर काढून गाडीबरोबर आलेले मूळचे टायर बसवायचे. दुसरा : पुढच्या आणि मागच्या, दोन्ही डिफरन्शियलचे क्राऊन-पिनियन, म्हणजे आसावरची दातेरी चाके, बदलून कमी वेगाचे घालायचे. तिसरा : फोर व्हीलचा लहान दांडा ज्या ट्रान्सफर बॉक्सवर आहे, तो बॉक्सच बदलायचा. जुन्या हजार सीसीच्या जिप्सीचा बॉक्स आमच्या तेराशेला बसतो आणि त्याचा लो, म्हणजे चढावरचा खास गिअर, आमच्यापेक्षा हळू असतो, असे तूच एकदा बोलला होतास. मी तेव्हा लक्ष दिले नव्हते.

यातला कोणता, ते कळव. सोबत उत्तरासाठी पत्ता लिहिलेली दोन कार्डे आहेत.

प्रमिला टिपणीस


पेण,
२१ मार्च १९९८

विठ्ठल भोपी यास,

उत्तर नाही. धाटावच्या कंपनीत तुझी आलटून पालटून तिन्ही शिफ्टची ड्यूटी असते असे कळले. पण कार्डावर चार ओळी लिहायला शिफ्ट आड येत नाही.

तू लिहिले नाहीस म्हणून मी हायवेवरच्या गॅरेजवाल्या बाबाजीला गाडी दाखवली. तो म्हणाला, "बाई, मागचाच क्राऊन बदला. पुढच्याला कोण विचारतंय? आपल्याला ढकलायचं काम मागच्याचं." मी त्याला विचारले, की मग फोर व्हील टाकल्यावर मागची चाके एका वेगाने फिरणार आणि पुढची दुसऱ्या, तर मधल्या बॉक्सचे काय होणार? तो हसला. म्हणाला, चिखलात कोण मोजायला बसलंय. मी गाडी परत आणली. एका गाडीला दोन हिशेबांनी ओढले की ती कोणत्या तरी दगडावर दात मोडून घेणार, हे समजायला बी. एस्सी. लागत नाही. तू माझ्या आठवीच्या वर्गात सायकलच्या दोन चकत्या घेऊन हेच करून दाखवले होतेस. साखळी तुटून माझ्या टेबलावर पडली होती. मी तुला वर्गाबाहेर उभे केले होते. प्रयोग बरोबर होता.

बाबाजीने जाता जाता एक विचारले. विठू का नाय येत? मी म्हटले, त्याला कंपनीत नोकरी लागली. तो म्हणाला, "लागली का लावलीत?"

म्हणून हे एकदाच लिहिते. तुला काढले ते समितीने, मी नाही. मी समितीपुढे दोन वाक्ये बोलले. गाडीचा लहान दांडा न्यूट्रलमध्ये सापडला. चालक विठ्ठल भोपी होता. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पोलिसांच्या पंचनाम्यातही तीच आहेत. यापलीकडे मी तुझ्याविरुद्ध एक शब्द बोललेली नाही. तूही काही बोलला नाहीस. तुझे काही म्हणणे होते तर तेव्हा सांगायचे होतेस.

मालूला पाचवा महिना संपला.

प्रमिला टिपणीस


पेण,
८ एप्रिल १९९८

विठू,

तुझे कार्ड मिळाले. मायना नाही, सही नाही, एकच ओळ : "मोठे टायर कोणाच्या सांगण्यावरून बसले?"

अक्षर सुधारलेले नाही.

दोन दिवस मी उत्तर दिले नाही, कारण राग आला होता. मी तुला प्रश्न विचारला तर तू मला प्रश्न विचारतोस. पण मग कागद घेऊन आकडे मांडले, आणि आता लिहिते.

टायर माझ्या सांगण्यावरून बसले. गेल्या मे महिन्यात ओढ्यातल्या दगडाला गाडीच्या पोटाखालची डिफरन्शियलची हंडी दोनदा घासली, म्हणून मी म्हटले की गाडी उंच करू. तू नको म्हणालास. तू म्हणालास, "बाई, गाडी उंच व्हईल, पर दमल." मी म्हटले, तुला काय कळते. त्या वेळी मी हिशेब केला नव्हता. हिशेब शिकवणाऱ्या बाईने केला नव्हता.

पहिला गिअर, लहान दांड्याचा लो आणि डिफरन्शियल यांचा गुणाकार सुमारे बत्तीस येतो. इंजिनाचे बत्तीस फेरे, तेव्हा चाकाचा एक. टायरचा व्यास आठ-नऊ टक्क्यांनी वाढला, तेव्हा चाकाच्या त्याच एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पळायला लागली. म्हणजे जोराच्या दृष्टीने बत्तीसाचे साडेएकोणतीस झाले. सपाटीवर हे कोणाला कळत नाही. धोंडीवर, तिघे बसलेले असताना, कळते.

जुन्या हजारच्या बॉक्सने हेच बत्तीस जवळजवळ छत्तीस होतात. मोठे टायर ठेवले तर तेहतीस. मी हे तीनदा तपासले आहे.

तेव्हा टायरची चूक माझी. हे मी मान्य करते. लिहून देते आहे.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर दे. छत्तीस की तेहतीस? छत्तीस घेतले तर हंडी पुन्हा ओढ्यात घासेल. तेहतीस घेतले तर चढावर पुरतील का? आणि तो जुना बॉक्स मिळणार कुठे?

प्रमिला टिपणीस


पेण,
१० मे १९९८

विठू,

आज तुझी बायको येऊन गेली. तुला माहीत असेल किंवा नसेल. ती म्हणाली, तुला सांगून आलेली नाही.

रोह्याहून सकाळच्या एसटीने आली, दहाच्या सुमारास दारात उभी. मी आधी ओळखले नाही, कारण हौसा दारात कधी उभी राहत नसे, सरळ आत येऊन औषधांची पेटी उचलत असे. मी बस म्हटले. बसली. चहा दिला. तिने कप डाव्या हाताने घेतला. उजवा हात पदराखाली होता. नंतर तो तिने स्वतःच बाहेर काढून मांडीवर ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटे मिटत नाहीत, तेही मला तिने सांगितले नाही. मी पाहिले.

तिने आधी गाडीचेच बोलणे काढले. खांब गावात हायवेच्या कडेला एका ढाब्यामागे जुनी पांढरी जिप्सी पडून आहे, पुढून चेपलेली, तिचा बॉक्स शाबूत आहे, तू मार्चमध्येच जाऊन बघून आलास. म्हणजे माझे पहिलेच पत्र तू वाचलेस आणि त्याच महिन्यात खांबला गेलास. मला मात्र कळवले नाहीस. मी हे बोलले तेव्हा हौसा म्हणाली, "त्याला गाडीचं सांगायला काय नाय बाई. तो वाट बघतोय, तुमी दुसरं कायतरी लिवाल म्हणून."

मी विचारले, दुसरे काय.

ती म्हणाली, "मी मागच्या बाकावर बसलेली. आडवी, कडेला पाठ लावून. मला दोन्ही शीटांच्या मधलं दिसतंय. दांड्यावर हात कुणाचा होता, बाई?"

मी कपबश्या उचलून आत गेले. मोरीत त्या धुतल्या. विसळून झाल्यावर पुन्हा धुतल्या. बाहेर आले तेव्हा ती चपला घालत होती. म्हणाली, बाराची गाडी हाय. मी तिला थांब म्हटले नाही. फाटकाशी ती वळली आणि म्हणाली, "मला न्याव नको. पर मालू इचारते, विठूदादा का येत नाय. तिला मी काय सांगू?"

हे पत्र मी टाकीन की नाही, माहीत नाही. उद्या सकाळी पुन्हा वाचीन.


पेण,
११ मे १९९८

विठू,

कालचे पत्र यासोबतच पाठवते. ते एकटे पाठवले असते तर मी पुन्हा अर्धेच सांगितले असे झाले असते.

१२ ऑगस्टचे क्रमाने लिहिते. तुला सगळे ठाऊक आहे, पण तू ते कधीच बोलला नाहीस, म्हणून ते कुठेतरी लिहिलेले असले पाहिजे. हे पत्र तू कोणालाही दाखवू शकतोस.

मालूला पहाटेपासून कळा येत होत्या. जनू गागोद्याला उतरला आणि तिथून फोन आला. आपण तिघे निघालो. तू चालवत होतास, मी शेजारी, हौसा मागे पेटी घेऊन. बाळंतपणातले हौसालाच कळत होते. डॉक्टरीणबाई त्या दिवशी अलिबागला होत्या. म्हणजे गाडीत उपयोगाचे माणूस एकच होते, आणि ते मागच्या बाकावर होते.

धोंडीच्या पायथ्याशी तू गाडी थांबवलीस. म्हणालास, इथेच लो टाकतो, वर चालत्या गाडीत पडत नाही. मी म्हटले, वेळ घालवू नकोस, उन्हाळ्यात धावत चढते तशी चढव. तू एकदा माझ्याकडे पाहिलेस आणि गाडी सोडलीस. ही माझी पहिली चूक. टायरची धरली तर दुसरी.

अर्ध्या चढावर इंजिन थरथरून बंद पडायला आले. तू ब्रेक धरलास, गाडी उभी राहिली. आणि मी म्हटले, "खाली घे."

हे दोन शब्द मी नऊ महिने मनात उलटसुलट करून पाहिले आहेत. माझ्या मनात होते, की लहान दांडा खालच्या गिअरला घे. मी पुस्तकात वाचून शिकलेली. हाय म्हणजे वरचा, लो म्हणजे खालचा. पण या तालुक्यात चढावर अडकलेल्या गाडीच्या चालकाला कोणी खाली घे म्हटले, तर त्याचा अर्थ एकच. गाडी मागे उतरव. तू जन्मभर तोच अर्थ ऐकला आहेस. मीसुद्धा एसटीच्या कंडक्टरच्या तोंडून शंभरदा ऐकला असेल. तू तोच घेतलास आणि तो बरोबर होता. शहाण्या चालकाने तेच केले असते. रिव्हर्स टाकून, इंजिनाच्या धाकात, पायाने ब्रेक न दाबता सावकाश उतरायचे आणि पायथ्याशी लो टाकून पुन्हा चढायचे.

तू क्लच दाबलास आणि मोठ्या, गिअरच्या दांड्याला हात घातलास. मला वाटले, याला कळलेच नाही, हा भलताच दांडा धरतो आहे. मी तुला पुन्हा सांगितले नाही. मी हात पुढे करून लहान दांडा ओढला.

तो अर्ध्यावर आला. हाय आणि लो यांच्या मध्ये न्यूट्रल असते. तिथे दांडा असला की वर कोणताही गिअर टाका, चाकांना इंजिनाची ओळख राहत नाही. तू रिव्हर्स टाकला होतास. रिव्हर्सवर विश्वास ठेवून ब्रेक सोडलास. गाडी सुटली. मग तू ब्रेक दाबलास, चाके थांबली, आणि त्या शेवाळावर थांबलेली चाके नुसती घसरत गेली, आधी सरळ आणि मग तिरकी, ऐनाच्या झाडापर्यंत. मला कपाळाला दोन टाके पडले. हौसाचा हात बाक आणि दरवाजा यांच्यामध्ये होता.

तू तिला पाठीवर घेऊन गागोद्याला उतरलास. मी पेटी घेऊन वर चढले.

वर काय झाले ते तुला मी कधी सांगितले नाही. मालूने मला पाहिले आणि माझ्या मागे पाहिले. विचारले, "हौसावैनी कुठाय?" मी म्हटले, येते आहे. मला बाळंतपणातले काही येत नाही, विठू. मला पेटीतल्या बाटल्यांची नावे वाचता येतात. चंद्रावती, मालूची सासू, मला सांगत होती, बाई पाणी द्या, बाई दिवा धरा, बाई सरका. मी सरकले. तिसऱ्या प्रहरी मालूला डोलीत घालून उतरवली. मूल तोपर्यंत गेले होते. मुलगी होती.

चार दिवसांनी समिती बसली. अध्यक्षांनी विचारले, काय झाले? मी ती दोन वाक्ये बोलले. तू भिंतीशी उभा होतास. मी बोलले आणि तुझ्याकडे पाहिले. मला वाटले होते, तू म्हणशील, बाई, दांडा तुम्ही ओढलात. मी लगेच हो म्हटले असते. असे मी स्वतःला नऊ महिने सांगत आले. तू बोलला नाहीस. बाईंना कोण उलट बोलणार? मी तीस वर्षे उलट बोलणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर उभे केले. मग तू बोलशील असे मला वाटले होते, हे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

ती दोन वाक्ये मी जपून निवडली होती. हे मुद्दाम लिहिते. घाबरून तोंडातून गेली नाहीत. आदल्या दिवशी बसून निवडली होती.

आता मी काय करणार ते. समितीला पत्र गेले आहे, आजच्याच टपालाने. पोलीस ठाण्यात उद्या सकाळी जबाब दुरुस्त करून देते. आणि भोकरवाडीला जाऊन तिथल्या लोकांपुढे बोलते, कारण तिथेही माझीच दोन वाक्ये पोचली आहेत. गाडी घेऊन जाणार नाही. चालत जाईन.

उत्तराची घाई नाही, असे लिहिणार होते. पण ते खरे नाही. मालूला सातवा महिना आहे.

प्रमिला टिपणीस


पेण,
२४ मे १९९८

विठू,

झालेले कळवते.

पोलीस ठाण्यात जबाब लिहून घेतला. हवालदार म्हणाला, बाई, प्रकरण मिटलेले आहे, कशाला उकरता? मी म्हटले, तुम्ही लिहा, शुद्धलेखन मी तपासते.

समितीने माझे पत्र वाचले. अध्यक्षांनी मला विचारले, की हे बाहेर न नेता आपल्यात ठेवता आले नसते का? मग ठराव झाला की मी कार्यवाह राहू नये. ठराव बरोबर आहे. मीच अनुमोदन दिले. गाडी मात्र जुलैपर्यंत माझ्या दारात राहू द्यावी एवढे मागितले, ते दिले. तुला परत घेण्याचा ठरावही झाला आहे. त्याची प्रत सोबत आहे. स्वीकारायचा की नाही, ते तुझे तू ठरव.

भोकरवाडीला शनिवारी गेले. धोंड चालत चढायला मला पाऊण तास लागला. ऐनाच्या झाडाची साल निघालेली आहे, तिथे डिंक धरला आहे. वर देवीच्या ओट्यापाशी माणसे जमली, वीस-पंचवीस. मालू पुढे बसली होती, पाय पसरून. मी उभी राहून सांगितले. क्रमाने सांगितले, तुला लिहिले तसेच. मला वाटले होते, जनू तरी उठेल. तो जमिनीकडे बघत काडी मोडत होता.

संपल्यावर चंद्रावती म्हणाली, "आमाला ठाव हुतं गो बाई. विठू मुका हाय, आंधळा नाय."

एकदोघे हसले. मला बसावेसे वाटले, पण बस कोणी म्हटले नाही, म्हणून मी उभीच राहिले.

मग जनू बोलला. म्हणाला, त्याची बायको गाडीत बसेल. पण चालवणारा विठूदादा पाहिजे, आणि हौसावैनी गाडीत पाहिजे, हात असू दे नायतर नसू दे, तिचं तोंड चालतं तेवढं पुरे. आणि तिसरी गोष्ट त्याला सांगायला जड गेली. ती मालूनेच सांगितली. माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुमी पुढं बसायचं नाय."

मी बरे म्हटले.

उतरताना ती धोंडीपर्यंत माझ्याबरोबर आली. आठव्या महिन्यात. मी नको म्हटले, ऐकले नाही. चढाच्या तोंडाशी उभी राहिली आणि मी खाली पोचेपर्यंत तिथेच होती. मी तीनदा वळून पाहिले.

प्रमिला टिपणीस


पेण,
१५ जून १९९८

चि. विठू,

तुझे दुसरे कार्ड आले. या वेळी चार ओळी आहेत. त्या इथे उतरवते, म्हणजे मी बरोबर वाचल्या की नाही ते तुला कळेल.

एक. छत्तीस घ्यायचे. म्हणजे जुन्या हजारचा बॉक्स आणि मूळचे टायर. ओढ्यातल्या दगडाचे गाडीने बघायचे नाही, माणसाने बघायचे. जनू आणि त्याचा भाऊ पहारीने तो दगड काढतील. हे मला एक वर्ष सुचले नाही. मी दगडासाठी गाडी उंच केली.

दोन. क्राऊनला कोणी हात लावायचा नाही. बाबाजीने तर नाहीच.

तीन. खांबचा बॉक्स तू उतरवून घेतला आहेस. गुरुवारी तुझी सुट्टी, तेव्हा बसवायला येतोस.

चार. गाडीत यापुढे खाली आणि वर हे दोन शब्द कोणी बोलायचे नाहीत. लो ला हौसा "बैल" म्हणते, तेच म्हणायचे. बैल लाव, बैल सोड. बैलाचा दुसरा अर्थ होत नाही.

चारही मान्य. मूळचे टायर काल बसवून घेतले. लहान दांड्याच्या मुठीवरची अक्षरे पुसट झाली होती. मी रंग आणून मधल्या न्यूट्रलच्या जागी तांबडा ठिपका काढला आहे आणि लोच्या जागी ब हे अक्षर. ब वेडावाकडा आला. हात आता पूर्वीसारखा चालत नाही.

तू माझ्या कबुलीबद्दल एक अक्षर लिहिलेले नाहीस. लिहावेस असे मी म्हणत नाही.

आता बसण्याची व्यवस्था. जुलैत बोलावणे येईल तेव्हा तू चालवशील. पुढे हौसा बसेल. मागच्या आडव्या बाकावर, ती त्या दिवशी होती त्याच जागी, पेटी मांडीवर घेऊन मी बसेन. उतरताना मालू समोरच्या बाकावर असेल. पायथ्याशी तू थांबशील, बैल लावशील, दांडा तांबड्या ठिपक्यावर नाही ना हे हौसा बघेल, आणि मग निघशील. कितीही वेळ लागला तरी मी बोलणार नाही.

त्या बाकावरून दोन्ही सीटांच्या मधले सगळे दिसते, असे हौसा म्हणाली होती. काल मी तिथे बसून पाहिले. खरे आहे. पुढे बसणाऱ्याचा उजवा हात लहान दांड्याशेजारीच येतो. म्हणजे सबंध चढभर हौसाची न मिटणारी बोटे माझ्या डोळ्यांसमोर असतील.

असू देत. मी समोरच बघेन.

गुरुवारी सातपर्यंत ये. फाटक उघडे असेल, हाक मारायला नको. जॅक आणि पाने अंगणात काढून ठेवते. हौसालाही आण.

प्रमिलाबाई